साडेनऊचा चंद्रोदय

मनोहर दाबके चार वर्षांपूर्वी एक वाक्य बोलून बसले, आणि ते निस्तरता निस्तरता त्यांच्या बायकोचा, प्रेमलताबाईंचा जीव मेटाकुटीला आला. एकुलत्या एका लेकाने, अजेयने, इंजिनिअरची नोकरी सोडून हॉटेलच्या स्वयंपाकघरात उभं राहायचं ठरवलं, तेव्हा मनोहरराव म्हणाले, "यापुढे तुझ्या हातचं पाणीसुद्धा मी पिणार नाही." रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते बोलतो हो. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर गिळूनही टाकतो. पण हे पडले दाबके! एकदा बोलले की संपलं.

अजेय कोलकात्यातल्या डमडमच्या घरी यायचा, आईच्या ओट्याशी उभा राहून कांदा चिरायचा, कधी तिघांचा चहा करायचा. भांडण नाही, तंटा नाही. बापलेक मॅचबद्दल बोलतायत, आणि मनोहररावांच्या समोरचा कप तसाच साय धरतोय. लेक गेला की प्रेमलताबाई तो कप उचलून सिंकमध्ये ओतायच्या. लेकाचा चहा आपला म्हणून नवऱ्यापुढे ठेवणं त्यांना सहज जमलं असतं, पण फसवून वाढायचं त्यांच्या मनाला पटेना. लेकाला बोलावं तर त्याचं काही चुकलं नव्हतं, नवऱ्याला बोलावं तर तो उठून गॅलरीत जायचा. मग त्या कप विसळून ठेवायच्या.

आणि गंमत बघा, याच मनोहररावांनी त्याच लेकासाठी सबंध आयुष्यभराचा उपास धरला होता. बँकेने बदली करून त्यांना कोलकात्याला धाडलं तेव्हा अजेय दीड वर्षाचा होता. आल्या आल्या पोर मेंदूज्वराने फणफणलं. शहर नवं, भाषा येईना, डॉक्टर काय सांगतो ते धड कळेना. मनोहरराव तोवर देवळाबाहेर चपला राखत उभा राहणारा माणूस. पण हॉस्पिटलच्या जिन्यात भिंतीला टेकून त्यांनी गणपतीला हात जोडले. पोर घरी येऊ दे, मरेपर्यंत संकष्टी करीन. पोर घरी आलं. "त्याला कधी सांगायचं नाही हं," त्यांनी बायकोला बजावलं. "नवस बोलून दाखवला की फळ जातं." प्रेमलताबाईंनी मान डोलावली आणि त्याही नवऱ्याबरोबर उपास करू लागल्या. दर वर्षी मनोहररावांची बहीण पुण्याहून दिनदर्शिका पाठवायची, तिच्यात चंद्रोदयाची वेळ छापलेली असायची. त्या वेळेआधी पाण्याखेरीज काही नाही. अजेयला बिचाऱ्याला एवढंच ठाऊक, की महिन्यातून एकदा बाबा संध्याकाळी चिडचिड करतात आणि जेवण उशिरा होतं.

तर आता अजेयला एका मोठ्या प्रवासी जहाजावर आचाऱ्याची नोकरी लागली. बार्सिलोनाला जाऊन जहाज धरायचं, आणि मग वर्षभर पाण्यावर. ही बातमी ऐकून मनोहरराव दोन दिवस पेपरात डोकं खुपसून बसले. तिसऱ्या दिवशी पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "त्याची ती स्पॅनिश खानावळ कुठेशी आहे? जाऊन येऊ एकदा. तो निघायच्या आधी."

प्रेमलताबाई भाजी चिरत होत्या. त्यांची सुरी थांबली. "जेवायला?"

"मग काय तिथलं कुलूप बघायला?"

बाईंना रडू आलं. पेपराच्या आड असलेल्या माणसाला ते दिसलं नाही, तेच बरं झालं. पण देवाच्या मनात काही सरळ नव्हतं. अजेयचा तिथला शेवटचा दिवस आणि निघायचा दिवस एकच, आणि त्याच दिवशी संकष्टी. दुसरा दिवस मिळेना. मनोहरराव म्हणाले, "उपास रात्री सोडायचाच आहे, तिथे सोडू." चंद्रोदय साडेनऊचा. अजेयला विमानतळासाठी नऊला निघायला हवं. प्रेमलताबाईंनी फोनवर लेकाला कसनुसं हसत हे सांगितलं. तो म्हणाला, "बघू गं आई. जमलं तर गाडीला जरा उशिरा बोलावतो." मध्ये अर्ध्या तासाचं अंतर होतं, आणि ते कसंतरी भरून निघेल अशा आशेवर बाई जांभळं सिल्क नेसून टॅक्सीत बसल्या.

हॉटेलचं नाव 'कासा टुटुल'. मालक पालदा नावाचा गोलमटोल गृहस्थ, टुटुल हे त्याच्या मुलीचं लाडाचं नाव. लेक टाउनच्या एका गल्लीत, तळ्याच्या अलीकडे, जुन्या दुमजली घराचा खालचा मजला. आत लाल फरशी, छताच्या तुळया तशाच ठेवलेल्या, आणि एक सबंध भिंत वाइनच्या बाटल्यांनी भरलेली. आजूबाजूच्या टेबलांवर आसपासच्या गल्ल्यांतलीच माणसं, कुणी शाल पांघरून, कुणी कानटोपी घालून, हातात लाल वाइनचा ग्लास आणि तोंडाने जोरजोरात राजकारण. मनोहररावांनी बाटल्यांकडे एकदा पाहिलं, खुर्ची उचलली आणि बाटल्यांकडे पाठ होईल अशी फिरवून बसले. आता त्यांच्यासमोर कोरी भिंत आणि बायको, एवढंच उरलं.

पालदा हात पुसत धावत आला. "आशून काकू, आशून काकीमा!" बंगालीत काकाला काकू म्हणतात. तीस वर्षं झाली तरी आपल्याला कुणी काकू म्हटलं की मनोहररावांची भुवई वर जायची, तशी ती आजही गेली. प्रेमलताबाईंना हसू आलं आणि जरा धीरही आला. माणूस नेहमीसारखा आहे, म्हणजे ठीक आहे.

मग अजेय आला. पांढरा कोट, डोक्याला फडकं, आणि कपाळावर घाम. स्वतःच्या आईवडिलांना गिऱ्हाईक म्हणून बघताना त्याची चालच बदलली होती. त्याने टेबलाच्या मधोमध एक मातीची खोलगट ताटली ठेवली. तळलेले बटाटे, त्यावर लालभडक चटणी.

"बाबा, तुमच्यासाठी वेगळं केलंय. लसूण नाही, कांदा नाही. आणि हा कढई नवीन आहे, मी सकाळी विकत आणला. तेल पण नवीन. अंडं नाही, मासा नाही, काही लागलेलं नाही त्याला."

एरवी मनोहररावांनी 'हा कढई नाही, ही कढई' म्हणून तिथल्या तिथे दुरुस्ती केली असती. आज केली नाही. त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढलेली प्रेमलताबाईंनी पाहिली. चार वर्षांचा पीळ सुटताना दिसत होता. आता एक घास, देवा, एकच.

"एवढंसंच?" मनोहरराव म्हणाले. "हे काय नैवेद्याला आणलंस?"

"टापास असंच असतं बाबा. छोट्या छोट्या ताटल्या येतात, मध्ये ठेवायच्या, सगळ्यांनी थोडं थोडं घ्यायचं. अजून येतील."

"येऊ देत. चंद्रोदय झाला की घेतो."

"हो," अजेय म्हणाला. "लक्षात आहे." आणि आत गेला.

मग ताटल्या येतच राहिल्या. भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या. टोमॅटो चोळलेला पाव. बदामाचं गार सूप, लहानशा वाटीत. मशरूम. पालदा स्वतः आणून ठेवायचा, पहिल्या ताटल्या तशाच बघून गोंधळायचा, जागा करायला त्या सरकवायचा. टेबल भरून गेलं. शेजारच्या टेबलावरची माणसं चोरून बघू लागली, की हे दोघं एवढं मागवून हात बांधून का बसलेत. बटाटे निवू लागले. स्वयंपाकघराच्या दाराला गोल काच होती. त्या काचेत अजेयचा चेहरा यायचा, टेबलाकडे बघायचा आणि जायचा. मनोहररावांची त्या दाराकडे पाठ. दिसायचं ते सगळं प्रेमलताबाईंना.

त्यांनी घड्याळात पाहिलं. पावणेनऊ.

"अहो, एक घास घ्या ना. त्याला नऊला निघायचंय."

"म्हणजे उपास मोडू?"

"मोडू नका हो. नुसतं जिभेला लावा. देव काय पोलीस आहे?"

मनोहरराव पुढे वाकले आणि अगदी हळू आवाजात बोलले. "प्रेमा, उपास कुणाचा आहे? आणि आज तो कुठे चाललाय? समुद्रावर. वर्षभर. इतकी वर्षं एक संकष्टी चुकली नाही, आणि आजच्या दिवशी अर्ध्या तासासाठी मोडू? काही झालं तर मी स्वतःला काय सांगू?"

तीच भीती प्रेमलताबाईंनाही होती. खा म्हणावं तर समुद्र डोळ्यांसमोर यायचा, खाऊ नका म्हणावं तर ती गोल काच. त्या नॅपकिनची घडी घालत बसल्या, उलगडत बसल्या.

नऊ वाजले. अजेय कोट उतरवून साधा शर्ट घालून बाहेर आला, पाठीवर सॅक. भरलेलं टेबल त्याने एका नजरेत पाहून घेतलं.

"बाबा, गाडी आली. आवडेल असं वाटलं होतं मला."

"अरे आवडेलच की. अर्धा तास थांबता येत नाही का?"

"विमान थांबत नाही बाबा."

"हो, तेही खरं." मनोहररावांनी खिसे चाचपले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "स्वेटर घेतलास? तिकडे थंडी असेल. पासपोर्ट हातातल्या बॅगेत ठेव. वर."

"हो बाबा."

अजेय नमस्काराला वाकला, तर मनोहररावांनी पाय आक्रसून घेतले. "असू दे, असू दे. पानावर बसलेल्याला नमस्कार करू नये. तू नीघ. आईला घेऊन जा बाहेरपर्यंत. मला भरल्या पानावरून उठता यायचं नाही."

हे सगळं अगदी शास्त्राला धरून होतं हो! प्रेमलताबाईंच्या सासूबाई असत्या तर त्याही हेच म्हणाल्या असत्या. पण तीस वर्षं कोलकात्यात वाढलेल्या पोराला पानाचं शास्त्र काय ठाऊक? त्याला एवढंच कळलं, की बाबांनी पाय मागे घेतले. तो सरळ झाला. चेहरा कोरा. प्रेमलताबाई उठल्या, पान त्यांच्यापुढेही भरलेलंच होतं, पण त्यांना उठण्याची बंदी कुणी केली नव्हती, आणि केली असती तरी आज त्या उठल्याच असत्या.

बाहेर गाडीवाला सामान ठेवत होता. थंडी सरत आली होती, तरी तळ्यावरून गार वारं यायचं. प्रेमलताबाईंनी लेकाचा दंड धरला. "अजू, ऐक. बाबांच्या मनात काही नाही हं. त्यांना खायचंय. चंद्रोदय व्हायचाय ना, म्हणून."

अजेय आईकडे बघत होता, मग तिच्या खांद्यावरून पलीकडे बघू लागला. "आई," तो म्हणाला, "तो काय आहे?"

त्या वळल्या. गल्लीच्या टोकाला, तळ्यापलीकडच्या नारळांच्या वर, चांगला शेंड्याच्या दोन हात वर, चंद्र. पाण्यात त्याचा मोठा थोरला पट्टा पडलेला. आत्ता उगवलेला चंद्र लालसर असतो. हा पिवळा होऊन, पांढरा पडायच्या बेतात आलेला. कधीचा वर आला होता.

प्रेमलताबाईंचा हात दंडावर तसाच राहिला. कोलकात्यात हिवाळ्यात पाच वाजता दिवे लावावे लागतात, पुण्यात तेव्हा लख्ख ऊन असतं, ही तक्रार दोघं नवराबायको आल्या दिवसापासून करत आले होते. सूर्य इथे लवकर येतो आणि लवकर जातो. मग चंद्रच तेवढा पुण्याच्या वेळेने कसा येईल? इतकं साधं! जन्मभर बँकेत हिशोब तपासलेल्या माणसाच्या डोक्यात ते आलं नाही, आणि प्रेमलताबाईंच्याही नाही. घराच्या खिडकीतून चंद्र दिसायचा तेव्हा तो दर वेळी वर चढलेलाच असायचा, आणि दोघं म्हणायचे, आज काय भराभर चढला. शेजारी सगळे बंगाली, त्यांच्यात संकष्टी नाही. विचारणार कुणाला? पुण्याच्या कागदावर पुण्याचा चंद्र छापलेला, आणि त्याची वाट बघत हे दोघं इथे तासतासभर उगाच उपाशी बसत आले.

"चंद्र केव्हाचा आलाय, आई," अजेय म्हणाला. रागावून नाही; रागावला असता तर बरं झालं असतं. "खायचं नव्हतं तर यायचं नव्हतं त्यांनी. मी काही म्हटलं नसतं."

"अरे नाही रे राजा, तसं नाही..."

आता सांगावं. चंद्राचं सांगावं, आणि उपास कुणासाठी आहे तेही सांगावं. शब्द अगदी ओठांपर्यंत आले. पण नवस बोलून दाखवला की फळ जातं. आणि हे पोर आत्ता, या घटकेला, समुद्रावर चाललेलं. उद्या काही बरंवाईट झालं तर? आईने नवसाचं राहू दिलं. चंद्राचं तरी सांगू, म्हणून तिने तोंड उघडलं, "बाबांच्या दिनदर्शिकेत ना..." तेवढ्यात मागून दुसऱ्या गाडीने हॉर्न दिला, गाडीवाला घाई करू लागला, अजेय खाली वाकला, भर रस्त्यात तिच्या पायांना हात लावला आणि गाडीत बसला. "दिनदर्शिका," तो हलकंसं हसून म्हणाला. "जाऊ दे आई. जेव तू. निदान तू जेव."

गाडी तळ्याच्या कडेने वळून गेली. प्रेमलताबाई तिथेच उभ्या राहिल्या. मग पदर नीट केला आणि आत आल्या.

मनोहरराव घड्याळ टेबलावर काढून ठेवून बसले होते. चेहऱ्यावर लहान मुलासारखी उत्सुकता. "गेला? नीट बसला ना?"

"हो."

"आता झालंच बघ. पंधरा-वीस मिनिटं."

त्यांना सांगायचं? सांगायचं, की अहो, तो पाया पडायला वाकला तेव्हा चंद्र वर आलेला होता, त्याने नवी कढई आणली, ताटली समोर ठेवली, आणि तुमच्या उपासाला काही एक होणार नव्हतं? हे ऐकून हा माणूस काय करील? बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या पांढऱ्या मिशीखाली ओठ हलत होते. स्तोत्र म्हणत होता. त्या खुर्ची ओढून बसल्या.

साडेनऊ झाले. मनोहररावांनी डोळे मिटले, हात जोडले, ताटलीभोवती पाणी फिरवलं, आणि लेकाने केलेला पहिला बटाटा उचलून तोंडात घातला. गारढोण झालेला, चटणी वर सुकलेली. त्यांनी तो हळूहळू चावला. दुसरा घेतला. मग पाव, मग मिरची, मग बदामाचं सूप वाटी तोंडाला लावून.

"अगं, काय केलंय पोराने!" त्यांचा आवाज चिरकला. "तिखट कसं बेताचं आहे बघ. मी उगाच... मूर्खच मी. चार वर्षं. तू बोलली का नाहीस मला? बसलीस काय अशी, घे ना. उपास सोड. चंद्र आला."

"हो," प्रेमलताबाई म्हणाल्या. "आला."

त्यांनी एक बटाटा तोंडात घातला. तो पाण्याबरोबर ढकलला.

"फोन लाव त्याला. लाव, लाव, अजून विमानात बसला नसेल. मीच सांगतो."

अजेयने फोन उचलला. मागे विमानतळाच्या घोषणा ऐकू येत होत्या. मनोहररावांनी फोन दोन्ही हातांनी कानाला धरला आणि आजूबाजूची चार टेबलं वळून बघतील एवढ्या मोठ्याने बोलले, "अजू, जेवलो रे! सगळं खाल्लं. झकास! बटाटे तर काय... बेटा, चुकलं हो माझं. आल्यावर घरी कर हे. रोज कर."

पलीकडून काहीतरी थोडंसं बोलणं झालं. मनोहररावांनी हसून फोन बायकोपुढे केला. "तुला मागतोय."

प्रेमलताबाईंनी फोन कानाला लावला.

"आई," अजेय थकलेल्या आवाजात म्हणाला, "कशाला खोटं बोलायला लावतेस त्यांना असं? मला वाईट नाही वाटलं. खरंच. पण हे नको ना."

समोर मनोहरराव ताटलीतली उरलेली चटणी पावाच्या तुकड्याने पुसून घेत होते आणि डोळे पुसत होते आणि तिच्याकडे बघून हसत होते.

"सांभाळून जा," प्रेमलताबाई म्हणाल्या. "पोचलास की कळव."

फोन बंद झाला.

"काय म्हणाला गं?" मनोहररावांनी विचारलं.

"म्हणाला, बाबा जेवले, बरं वाटलं."